लिहिलेले वाचणार कोण?



गेल्या पावसाळ्यात एका बाप्तिस्म्याच्या निमित्ताने आम्हांस इंदुरास जाण्याचा योग आला. उतरण्याची सोय कृष्णपुऱ्यात झाली होती. राजवाड्याच्या जवळचा हा जुना भाग. कान्ह नदीच्या काठी होळकरांच्या दगडी छत्र्या उभ्या आहेत. कृष्णाबाईंची, दुसऱ्या तुकोजीरावांची आणि शिवाजीरावांची. पुलावरून वाहनांची रीघ चाललेली असते आणि खाली छत्र्यांच्या ओट्यावर पारवे निवांत बसलेले असतात. महाराष्ट्र मागे टाकून इतक्या दूर आल्यावर मराठी शब्द कानी पडेल की नाही अशी शंका बाळगून आम्ही गेलो होतो. परंतु पहिल्याच सकाळी दूधवाल्याशी चाललेली घासाघीस शुद्ध मराठीत ऐकू आली आणि आमचे आम्हांलाच हसू आले. ज्या नगरीत १९१७, १९३५ आणि २००१ अशी तीन वेळा मराठी साहित्य संमेलने भरली, तिच्याविषयी अशी शंका घेणे हाच आमचा अडाणीपणा होय.

ज्या घरी आम्ही राहिलो ते कुटुंब मूळचे श्रीरामपूरकडचे. कर्ता पुरुष पीथमपूरच्या कारखान्यात कामास जातो. घरात त्याची आई, पत्नी आणि दोन मुले. नावे आम्ही सांगत नाही. त्या माउलीची तशी इच्छा आहे. संध्याकाळची रोझरी झाली, जेवणे झाली, मुले निजली, की ह्या घरात एक निराळाच उद्योग सुरू होतो. सूनबाई स्वयंपाकघरातील फळीवर पिठाच्या डब्याला टेकवून भ्रमणध्वनी उभा करतात, समोर वही उघडतात आणि इंग्रजी साहित्य व रचना ह्या विषयाचे व्याख्यान ऐकू लागतात. बारावीनंतर लग्न झाले, शिक्षण सुटले. आता तिशी ओलांडल्यावर एका विद्यापीठाच्या ऑनलाइन अभ्यासक्रमास नाव घालून त्या बी.ए. होऊ पाहत आहेत.

आमच्या खेड्यांतील पुष्कळ घरांत आज अशी एखादी सून, एखादी लेक किंवा नोकरीस लागलेला मुलगा असेल, म्हणून ह्या विषयावर चार शब्द लिहावेसे वाटले.

घरबसल्या शिकण्याची कल्पना नवी नव्हे. इंग्लंडात १८४० मध्ये स्वस्त टपाल सुरू झाले तेव्हा आयझॅक पिटमन नावाच्या गृहस्थाने आपली लघुलिपी टपालानेच शिकविण्यास आरंभ केला. शिष्याने बायबलातील उतारा लघुलिपीत उतरवून पाठवायचा, गुरूने तो तपासून, चुका दाखवून परत धाडायचा. आपल्या देशात १९६२ साली दिल्ली विद्यापीठाने पत्रद्वारा शिक्षण सुरू केले. १९८५ मध्ये संसदेच्या कायद्याने इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ स्थापन झाले, १९८९ मध्ये नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आणि १९९१ मध्ये भोपाळचे भोज मुक्त विद्यापीठ निघाले. २०१७ मध्ये केंद्र सरकारने 'स्वयम्' नावाची सोय सुरू केली. तेथे व्याख्याने पाहण्यास व पाठ वाचण्यास पैसे पडत नाहीत, प्रमाणपत्र हवे असेल तर मात्र शुल्क भरून परीक्षा द्यावी लागते. मान्यताप्राप्त संस्थेतून अशा रीतीने मिळविलेली पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची समजावी, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे. मान्यता आहे की नाही हे आयोगाच्या यादीत पाहूनच पैसे भरावेत. गोड बोलून प्रवेश देणारे दलाल गावोगाव फिरत असतात, एवढे सांगून हा भाग आम्ही संपवितो.

सूनबाईंचा अर्धा विषय, म्हणजे साहित्य, उत्तम चालला होता. व्याख्यान देणाऱ्या बाई चांगल्या होत्या. न समजलेले दोनदा ऐकता येई, पोळ्या लाटता लाटताही ऐकता येई. रवींद्रनाथ तागोरांची 'काबुलीवाला' ही गोष्ट अभ्यासास होती. सूनबाईंनी ती एका रात्री जेवणाच्या वेळी सर्वांना मराठीत सांगितली. दूर देशीच्या त्या सुकामेवा विकणाऱ्या पठाणाने आपल्या लेकीच्या हाताचा ठसा कागदावर घेऊन उराशी बाळगला होता, हे ऐकून सासूबाईंनी पदर डोळ्यांस लावला. "आत्याबाई, ही गोष्ट परीक्षेला आहे हं," असे सुनेने म्हणताच त्या म्हणाल्या, "असू दे. परीक्षा झाली तरी मला पुन्हा एकदा सांग." साहित्याचा अभ्यास ह्याहून अधिक काय असावा, आम्हांस ठाऊक नाही.

अडचण आली ती रचनेत. रचना म्हणजे निबंध, वर्णन, पत्र, सारांश असे स्वतः लिहिण्याचे काम. व्याख्यानात सांगतात की आरंभ असा करावा, परिच्छेद असा पाडावा, शेवट असा आणावा. ते सारे सूनबाईंनी वहीत सुवाच्य अक्षरात उतरवून घेतले होते. मग पहिला निबंध आला: 'मी पाहिलेली जत्रा'. आठ दिवस खपून त्यांनी तो लिहिला, शेजारच्या मुलाकडून टंकून घेऊन पाठविला. महिन्याने उत्तर आले. वीसपैकी अकरा. त्याखाली एक अक्षर नाही.

"अकरा का, ते कुणी सांगेना," असे त्या आम्हांस म्हणाल्या तेव्हा त्यांच्या स्वरात राग नव्हता; शाळकरी मुलीसारखे गोंधळलेपण होते. कोणते वाक्य चुकले? काय कमी पडले? चौकशी केली तर विद्यार्थी पुष्कळ आणि तपासणारे थोडे असे उत्तर मिळाले. कोणा हितचिंतकाने तयार उत्तरांची एक पुस्तिका आणून दिली. ह्यातले उतरवा, पंधरा कुठे जात नाहीत, असे सांगितले. दुसऱ्या वर्षाची फी भरण्याची मुदत महिनाअखेर होती. नवऱ्याने म्हटले, झेपत नसेल तर राहू दे; मोठ्याच्या शाळेचा खर्च आहेच. आम्ही पोहोचलो तेव्हा गोष्टी ह्या थरास आल्या होत्या आणि पुस्तिका रॉकेलच्या जुन्या डब्यामागे ठेवलेली होती. फेकलीही नव्हती, उघडलीही नव्हती.

आता ह्यात दोष कोणाचा, हे ठरविण्यास आम्ही न्यायाधीश नाही. मात्र एक गोष्ट आम्हांस स्पष्ट दिसते. इतिहास ऐकून शिकता येतो, गोष्ट ऐकून कळते. पण लिहिणे हे ऐकून येत नाही. लिहिलेले कोणीतरी वाचावे लागते, आणि वाचून काहीतरी बोलावे लागते. पिटमनच्या शिष्यांस जे मिळत होते ते ज्ञान खरे पाहता त्या परत आलेल्या, खुणा केलेल्या कागदात होते. टपालाचे तिकीट जाऊन वीज आली, चलच्चित्रे आली, म्हणून तो कागद अनावश्यक झाला असे नव्हे.

आमच्या धर्मसभेतील शिक्षकांस हे फार पूर्वी उमगले होते. येशूसंघाने १५९९ साली आपल्या शाळांसाठी जी नियमावली छापली तीत असे आहे की, शिक्षकाने एकेका विद्यार्थ्यास जवळ बोलावून त्याची रचना त्याच्यासमोर हलक्या आवाजात तपासावी. तोवर बाकीच्यांनी आपापला अभ्यास करीत राहावे. 'हलक्या आवाजात' हे दोन शब्द आम्हांस मोठे मोलाचे वाटतात. चूक सर्व वर्गासमोर ओरडून सांगायची नाही. ज्याची त्याला सांगायची. मुले फार असतील तर आज जे राहिले त्यांस उद्या बोलवावे, अशीही तजवीज त्यात आहे. म्हणजे विद्यार्थी पुष्कळ आणि तपासणारे थोडे ही तक्रार चारशे वर्षांपूर्वीही होतीच. शिवाय मुलांनी एकमेकांच्या रचना तपासाव्या असाही मार्ग त्यांनी काढून ठेवला होता.

त्या संघाचे संस्थापक संत इग्नाती ह्यांची गोष्ट तर याहून बोलकी आहे. १५४२ च्या डिसेंबरात त्यांनी पीटर फेबर ह्या आपल्या सोबत्यास (ते २०१३ मध्ये संत घोषित झाले) पत्रे कशी लिहावीत ह्याविषयी चांगलेच खडसावले. मुख्य पत्र दुसऱ्यांस दाखविण्याजोगे हवे. म्हणून ते एकदा लिहावे, मग हे सगळ्यांच्या दृष्टीस पडणार आहे असे मनात आणून पुन्हा वाचावे, सुधारावे आणि परत लिहून काढावे. आपण स्वतः तसेच करतो, असे त्यांनी कळविले. ज्यांची जवळजवळ सात हजार पत्रे आज उपलब्ध आहेत, असा माणूस प्रत्येक मुख्य पत्र दोनदा लिहीत होता. आमच्या कार्यालयात येणाऱ्या काही लेखकबंधूंनी एवढेच ध्यानी धरले तरी आमचा चष्म्याचा नंबर वाढावयाचा थांबेल.

आणखी एक प्रसंग सांगण्याचा मोह होतो. २०२५ च्या एप्रिलमध्ये निवर्तलेले पोप फ्रान्सिस तरुणपणी साहित्याचे शिक्षक होते. १९६४-६५ मध्ये आर्जेन्टिनातील सांता फे गावी येशूसंघाच्या शाळेत ते शिकवीत. अभ्यासक्रमात 'एल सिद' हे जुने काव्य होते, मुलांना मात्र लोर्काचे नवे लेखन वाचायचे होते. तेव्हा त्यांनी तोड काढली: 'एल सिद' घरी वाचा, वर्गात तुमच्या आवडीचे लेखक घेऊ. ही आठवण त्यांनी स्वतःच २०२४ साली साहित्यवाचनाच्या महत्त्वावर लिहिलेल्या पत्रात सांगितली आहे. पण आम्हांस सांगावयाचे ते पुढचे. त्या शिक्षकाने मुलांकडून गोष्टी लिहवून घेतल्या आणि त्या होर्हे लुइस बोर्हेस ह्या जगप्रसिद्ध लेखकापर्यंत पोहोचविल्या. बोर्हेस त्या वेळी दृष्टी गमावून बसले होते; वाचून दाखवावे तेव्हा त्यांस कळे. त्यांनी त्या शाळकरी गोष्टींच्या संग्रहास प्रस्तावना लिहून दिली आणि १९६५ मध्ये तो संग्रह छापून निघाला. एका अंध, थोर लेखकाने आपली गोष्ट कान देऊन ऐकली, हे त्या मुलांना कसे वाटले असेल, ह्याचा विचार वाचकांनी करावा.

कृष्णपुऱ्यात बोर्हेस कोठून आणणार? परंतु तेथे सासूबाई होत्या.

झाले असे. आमच्या आग्रहावरून सूनबाईंनी तो अकरा गुणांचा निबंध आम्हांस वाचून दाखविला. इंग्रजी बरे होते. लोक रंगीबेरंगी कपडे घालून आले होते, पाळणे फिरत होते, मिठाईची दुकाने होती, जिकडे तिकडे आनंदीआनंद होता. दारात तांदूळ निवडीत बसलेल्या सासूबाईंनी विचारले, "काय गं लिहिलंस? मला पण सांग." सूनबाईंनी मराठीत सांगितले. ऐकून त्या म्हणाल्या, "ही कुठली जत्रा?"

"हरेगावची, आत्याबाई."

"हरेगावला आपण पाळण्यात कधी बसलो?"

आमचे वाचक हरेगाव जाणतातच. श्रीरामपूर तालुक्यातील त्या गावी सप्टेंबरमध्ये, पवित्र मारियेच्या जन्मोत्सवाच्या सुमारास मतमाउलीची यात्रा भरते आणि दूरदूरचे भाविक पायी चालत येतात. ह्या दोघी लग्नाच्या पहिल्याच वर्षी गेल्या होत्या. सासूबाई आठवू लागल्या. रात्री पावसाने गाठले होते. शिदोरीतल्या भाकरी भिजल्या, त्या तशाच मिठाशी खाल्ल्या. एका शाळेच्या ओसरीवर निजायला जागा मिळाली, तिथे आधीच चाळीस माणसे होती. नव्या सुनेची चप्पल चिखलात रुतून तुटली आणि सासूने आपली तिला दिली. मेणबत्ती विझू नये म्हणून एक म्हातारे गृहस्थ अर्धा तास छत्री धरून उभे होते, स्वतः मात्र भिजत.

"हे तू लिहिलंच नाहीस," असे म्हणून त्यांनी पुन्हा सुपात मान घातली.

सूनबाई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "असलं काही इंग्रजीत लिहितात, हे मला माहीतच नव्हतं."

ह्या एका वाक्यावर आम्ही त्या रात्री फार वेळ विचार करीत पडलो. आमच्या मुलामुलींची समजूत अशी झाली आहे की निबंध हा परक्या घरचा दिवाणखाना आहे. तेथे आपली भाकरी, आपला चिखल न्यावयाचा नसतो. परभाषेत लिहिताना तर विशेषच. वस्तुतः परभाषेत लिहिणे म्हणजे काय, हे फादर थॉमस स्टीफन्स ह्यांनी आम्हांस दाखवून ठेवले आहे. १५७९ मध्ये गोव्यास आलेल्या ह्या इंग्रज माणसाने आमची भाषा आमच्या लोकांच्या तोंडून शिकून घेतली आणि १६१६ साली 'क्रिस्तपुराण' छापून काढले. सुमारे अकरा हजार ओव्यांचे. आणि स्वभाषेतले उदाहरण हवे असेल तर लक्ष्मीबाई टिळक आहेत. त्या आमच्या धर्मसभेच्या नव्हत्या, तथापि ख्रिस्तभक्त म्हणून आमच्याच. शाळेचे तोंड न पाहिलेल्या, नवऱ्याने घरी अक्षरओळख करून दिलेल्या ह्या बाईंची 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून प्रसिद्ध होऊ लागली आणि आजही विद्यापीठांतून अभ्यासली जातात. त्यांनी घरातलीच भांडणे आणि घरातलाच विनोद लिहिला.

हल्ली आणखी एक वाट निघाली आहे, तिचा उल्लेख टाळता येत नाही. विषय सांगितला की यंत्र निमिषात निबंध लिहून देते, व्याकरणाची चूकही ठेवीत नाही. शेजारच्या मुलाने सूनबाईंना ते करून दाखविले होते. यंत्राने लिहिलेल्या जत्रेतही पाळणे होते म्हणे! यंत्राला आम्ही शत्रू मानीत नाही. वाक्याचे व्याकरण कोठे चुकले, अमुक शब्दाचा अर्थ काय, हे त्याला जरूर विचारावे. जेथे शिक्षक नाही तेथे तेवढा आधार मोठाच आहे. परंतु ते हरेगावला गेले नव्हते. आणि कोणाच्या नावावर परीक्षेस दुसऱ्याचे लिहिणे पाठविणे ही लबाडी आहे, मग ते पुस्तिकेतले असो की यंत्राचे; हे आमच्या वाचकांस प्रश्नोत्तरी शिकलेल्या मुलासारखे पुन्हा समजावून सांगण्याची गरज नाही.

मग ज्यांच्या निबंधावर कोणी काही लिहीत नाही त्यांनी काय करावे? प्रथम विद्यापीठाकडे शेरा मागावा, लेखी मागावा. राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाच्या बहुतेक अभ्यासक्रमांत अशा स्वाध्यायांस शेकडा ३० गुणांचे वजन असते. जेथे एवढे वजन, तेथे चार शब्दांची अपेक्षा करणे हा हट्ट नव्हे. दुसरे, त्याच अभ्यासक्रमास बसलेला एखादा सोबती शोधावा आणि निबंधांची अदलाबदल करावी. तिसरे, आपल्या धर्मग्रामातील निवृत्त शिक्षक, एखाद्या सिस्टर, कॉलेजात शिकलेला तरुण ह्यांच्याकडे रविवारी मिस्सानंतर अर्धा तास मागावा. कोणी नाही म्हणत नाही. आपणच विचारीत नाही. आणि घरात सांगावे. ज्यांना भाषा येत नाही त्यांनाही सांगावे.

येथे आम्हांस आमचेही एक पाप कबूल करावयाचे आहे. ह्या साप्ताहिकाकडे खेड्यापाड्यांतून कविता, आठवणी, पत्रे येतात. जागेअभावी पुष्कळ परत करावी लागतात. त्यांवर आम्ही आजवर 'साभार परत' एवढेच लिहीत आलो. वीसपैकी अकरा देऊन गप्प बसणाऱ्या परीक्षकास नावे ठेवताना आम्हांस आमचा तो शिक्का आठवला आणि लाज वाटली. ह्यापुढे परत जाणाऱ्या प्रत्येक लिखाणावर निदान दोन ओळी लिहावयाच्या असे आम्ही ठरविले आहे. उशीर होईल, तेवढा वाचकांनी सोसावा.

सूनबाईंनी निबंध पुन्हा लिहिला. तो आता कोठेही पाठवावयाचा नव्हता. पहिल्याचे गुण कायम झालेले होते. तरी निघण्याच्या आदल्या रात्री त्यांनी तीन पाने आमच्या हाती ठेवली. इंग्रजीत चुका होत्या, पहिल्याहून अधिकच; कारण पहिल्यातली वाक्ये उसनी होती आणि ही स्वतःची. आम्ही पेन्सिल घेऊन बसलो आणि जेथे वाक्य अडत होते तेथे खुणा केल्या. छत्री धरून उभ्या राहिलेल्या म्हाताऱ्याच्या परिच्छेदास आम्ही हात लावला नाही. महिनाअखेरीस फी भरल्याचे पत्र आले; त्या पत्रात दुसऱ्या निबंधाचा विषयही कळविला होता, 'एक प्रवास'.

त्या रात्री मात्र पाने आमच्या हातून सासूबाईंकडे गेली. त्यांना इंग्रजी अक्षर कळत नाही, त्यांनी ती उलटसुलट पाहिली, सुनेला वाचून मराठीत सांगावयास लावले, आणि शेवटी म्हणाल्या, "सगळं बरोबर आहे. पण आपण शुक्रवारी नाही, शनिवारी निघालो होतो. तेवढं खोड."

सूनबाईंनी ते खोडले.